गावाला सोबत घेऊन आरोग्य संशोधनासाठी सहभागी कसे मिळवावेत: पायरीपायरीने

संशोधनाचा आराखडा पक्का होतो, नैतिकता समितीची मंजुरी मिळते, यंत्रं येतात, माणसं नेमली जातात आणि मग कोणाला तरी आठवतं की आता गावात जाऊन लोकांना ‘तयार’ करायचं आहे. बरेचसे ग्रामीण अभ्यास इथेच अडकतात. तोवर प्रश्न ठरलेले असतात, रक्त किती घ्यायचं ते ठरलेलं असतं, तपासणीची वेळ आणि जागाही ठरलेली असते. गावाच्या हातात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं. सगळं ठरवून झाल्यावर विचारायला आलेला माणूस गावाला बरोबर ओळखू येतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच आहे: गावाच्या उत्तराने आराखडा बदलू शकतो, तेव्हाच गावाला विचारायचं.

हा आता फक्त चांगुलपणाचा भाग राहिलेला नाही. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. २०२४ मध्ये तो सुधारला गेला, तेव्हा संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर सहभागींशी व त्यांच्या समुदायाशी अर्थपूर्ण संवाद हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलं गेलं. सीआयओएमएस या वैद्यकीय विज्ञान संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर समुदायाच्या सहभागावर स्वतंत्र तत्त्वच आहे. तेव्हा या कामाचा वेळ आणि पैसा निधीच्या अर्जातच मागून घ्यावा. पहिल्या सहभागीची नोंदणी होण्याआधी किमान तीन महिने, आणि भाग पूर्णपणे नवा असेल तर सहा महिने, एवढा काळ फक्त या कामासाठी धरावा.

आधी उलटा हिशेब

गावात पाऊल ठेवण्याआधी किती दारं ठोठवायची आहेत ते काढा. शेवटाकडून सुरुवात करायची. समजा, विश्लेषणासाठी ४०० माणसं पुरेशी आहेत असं संख्याशास्त्रज्ञ सांगतात. पण तो आकडा सुटी-सुटी माणसं निवडली तर लागू पडतो. एकेका गावातून २० जण घेतले, तर ते एकमेकांसारखे असतात. एकच पाणी, जवळपास एकच आहार, एकच दवाखाना. या सारखेपणाचा गुणांक ०.०५ धरला, तर नमुना १ + (२० − १) × ०.०५, म्हणजे १.९५ पट वाढवावा लागतो. ४०० चे ७८० झाले.

पाठपुराव्यात १५ टक्के गळती धरली तर नोंदणी ९१८ जणांची लागेल. विचारलेल्यांपैकी ३० टक्के नकार देतील असं धरलं, तर १३१२ पात्र माणसांना विचारावं लागेल. भेटलेल्यांपैकी २५ टक्के वय, आजार किंवा स्थलांतरामुळे अपात्र निघतील असं धरलं, तर सुमारे १७५० जणांपर्यंत पोहोचावं लागेल. ही टक्केवारी फक्त उदाहरणासाठी आहे. स्वतःची टक्केवारी वीस-तीस जणांवरच्या चाचणी फेरीतून काढायची. हा हिशेब आधी झाला नाही की सहाव्या महिन्यात आकडा पुरा करण्याची घाई सुटते, आणि लोकांवर दबाव नेमका तेव्हाच येतो.

पहिली पायरी: पायी फिरून गाव वाचणं

दोन-तीन आठवडे फक्त फिरण्यासाठी ठेवा. हातात प्रश्नावली नको. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि साधा हातनकाशा काढायचा. त्यात पाणी भरायची ठिकाणं, दवाखाना, शाळा, गाडी थांबते ती जागा, बाजार, प्रार्थनास्थळं, लोक संध्याकाळी टेकतात ते पार आणि कट्टे दाखवायचे. हाच नकाशा गावातल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे काढून घ्यावा. एक पुरुष, एक बाई आणि गावाच्या कडेला राहणारं कोणीतरी. तिन्ही नकाशे शेजारी ठेवले की पहिल्याने कोणती वस्ती काढलीच नाही ते लगेच दिसतं. ती सुटलेली वस्ती पुढे तुमच्या यादीतूनही सुटणार असते.

सरकारी याद्या कामाच्या असतात, पण त्या जुन्या असतात. हंगामी मजूर, भाड्याने राहणारे, नुकतं लग्न होऊन आलेल्या मुली, शेतावर राहणारी कुटुंबं आणि अपंगत्वामुळे घराबाहेर न पडणारी माणसं त्यांत बहुधा सापडत नाहीत. घरांची यादी करताना गावाच्या मध्यापासून नव्हे, दूरच्या टोकापासून सुरुवात करावी. दिवस मावळतो, पाय थकतात, आणि शेवटची घरं ‘उद्या करू’ म्हणून राहून जातात. राहायचीच असतील तर रस्त्याजवळची राहू देत, ती जाता-येता होऊन जातात.

याच फेरीत गावाचं वर्षाचं वेळापत्रक मांडून घ्या. पेरणी, काढणी, बाजाराचा वार, सण, परीक्षा, लग्नसराई, लोक कामासाठी बाहेर जातात ते महिने, रस्ता बंद पडतो ते दिवस. नोंदणीचे आठवडे या तक्त्यावरून ठरवायचे, निधीच्या आर्थिक वर्षावरून नाही. काढणीच्या दिवसांत मजुरी सोडून तपासणीला येणं म्हणजे त्या घराचं सरळ नुकसान. तेव्हा मिळालेला नकार हा तारखेला असतो. संशोधनाला नकार म्हणून त्याची नोंद होते, तीही चुकीची.

आणखी एक गोष्ट याच वेळी हळुवारपणे विचारून घ्यायची: यापूर्वी इथे कोणी माहिती किंवा रक्त घ्यायला आलं होतं का, आणि त्याचं पुढे काय झालं? ‘आले, लिहून घेतलं, पुन्हा दिसले नाहीत’ हे उत्तर मिळालं, तर तुमचं काम शून्यातून नव्हे, शून्याच्या खालून सुरू होतंय हे समजून वेळ वाढवावा.

दुसरी पायरी: कोणाला भेटायचं आणि कोणत्या क्रमाने

क्रम चुकला तर पुढचे सहा महिने तो निस्तरावा लागतो. सर्वसाधारणपणे आधी निवडून आलेले पदाधिकारी आणि आरोग्य विभागाचे स्थानिक अधिकारी, मग गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी, मग शिक्षक, धर्मगुरू, महिला गट, तरुण मंडळी, पारंपरिक वैद्य आणि औषध दुकानदार, आणि शेवटी खुली सभा. वरून खाली यायचं, पण वर अडकून पडायचं नाही. पदाधिकाऱ्याचा होकार म्हणजे गावात शिरायला मिळालेली वाट. गावाचा होकार त्याने मिळत नाही, आणि एकेका माणसाचा तर नाहीच नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांना ही भेट आधी देणं फार गरजेचं आहे. पहिली अफवा आली की लोक त्यांनाच विचारतात. त्यांना काही माहीत नसेल तर ते प्रामाणिकपणे ‘मला माहीत नाही बाई’ म्हणतात, आणि गावाच्या दृष्टीने तेवढं पुरे होतं.

प्रत्येक भेटीत त्याच चार गोष्टी त्याच शब्दांत सांगा: आम्ही कोण, पैसा कुणाचा, काय शोधतोय, आणि लोकांकडून काय लागणार. त्यानंतर पाचवी, जी बहुतेक जण टाळतात: गावाला यातून काय मिळणार नाही. औषध मिळणार नसेल, दवाखाना होणार नसेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. नाहीतर लोक स्वतःच अर्थ लावतात, आणि लावलेला अर्थ नेहमी तुमच्या क्षमतेपेक्षा मोठा असतो.

तिसरी पायरी: सल्लागार गट

दहा ते पंधरा जणांचा गट पुरतो. त्याहून मोठ्या गटात चौघेच बोलतात. निम्म्या तरी बायका हव्यात. गावातल्या प्रत्येक वस्तीतून किमान एक माणूस हवं, भूमिहीन मजूर हवा, तरुण हवा आणि अभ्यास ज्या आजाराचा आहे तो आजार स्वतः झालेलं किंवा घरात पाहिलेलं कोणीतरी हवं. पदाधिकारी दोनपेक्षा जास्त नकोत. शक्य असेल तिथे प्रतिनिधी संशोधकांनी हेरण्यापेक्षा वस्त्यांनी निवडून द्यावेत. केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी इथल्या संशोधन केंद्राने रहिवाशांनी निवडलेल्या प्रतिनिधींचं असं जाळं उभं केलं आहे. त्यामुळे रक्त घेण्याबद्दलच्या शंका संशोधकांपर्यंत वेळेत पोहोचायची सोय झाली.

गट बसवताना एका पानाचा लेखी करार करून घ्या. गट किती वेळा भेटेल (सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग तिमाहीत), किती जण हजर असले की बैठक धरायची, प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई किती, टिपण कोण लिहील, आणि मुख्य म्हणजे गट काय बदलू शकतो. हे शेवटचं कलम नसेल तर गट शोभेचा होतो. संशोधनाचा मूळ प्रश्न किंवा सुरक्षेचे निकष गट बदलू शकत नसेल, तर तसं लिहा. पण वेळ, जागा, माहितीपत्रकाचे शब्द, भरपाईचं स्वरूप, कार्यकर्त्यांची निवड, निकाल सांगण्याची पद्धत या सहा गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल, आणि ऐकलं नाही तर कारण लेखी दिलं जाईल, हेही लिहा.

मिश्र बैठकीत बायका, तरुण आणि गावातले दुबळे गट गप्प बसतात. शांततेला सहमती समजू नये. प्रत्येक मोठ्या मुद्द्यावर बायकांची वेगळी बैठक घ्यावी, तीही त्यांच्या सवडीच्या वेळी आणि बाईनेच चालवलेली.

चौथी पायरी: आराखडा गावासमोर ठेवणं

या टप्प्यावर आराखडा अजून मसुदा असायला हवा. सल्लागार गटासमोर तो वाचून दाखवायचा नाही, करून दाखवायचा. तपासणीची एक रंगीत तालीम घ्या. गटातल्याच एका माणसाला सहभागी करा, बोलावणं देण्यापासून घरी सोडण्यापर्यंत सगळं करून दाखवा आणि घड्याळ लावा. कागदावर ४० मिनिटांची भेट प्रत्यक्षात सव्वादोन तासांची निघते, कारण रांग, शौचालयाचा शोध, लहान मूल आणि परतीची गाडी कागदावर नसतात.

रक्ताचं प्रमाण दाखवायची एक सोपी रीत आहे. टेबलावर लाल रंगाचं पाणी, चहाचा चमचा आणि तपासणीची खरी नळी ठेवा. एक चमचा म्हणजे साधारण ५ मिलिलिटर. दोन चमचे नळ्यांत ओता आणि म्हणा, ‘एवढंच, १० मिलिलिटर.’ मग पाण्याने भरलेली पाच लिटरची कॅन शेजारी ठेवा: मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एवढं रक्त असतं. नळ्या लोकांच्या हातात द्या, फिरू द्या. ‘बाटलीभर रक्त काढतात’ ही भीती आकड्यांनी जात नाही, नळी हातात आली की जाते. मात्र खरी भेट दोनदा असेल आणि दोन्ही वेळा रक्त घ्यायचं असेल, तर चारच चमचे दाखवा. इथे अर्धं सांगितलं तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही.

माहितीपत्रकाची भाषाही इथेच तपासायची. एकाने मूळ मजकुरातून स्थानिक बोलीत आणायचा, दुसऱ्याने मूळ न बघता तो उलट भाषांतरित करायचा, आणि फरक पडेल तिथे गटाला विचारायचं. ‘यादृच्छिक’ हा शब्द गावात कुणालाही कळत नाही. ‘कोणाला कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरांनाही आधी माहीत नसेल’ हे कळतं. ‘नमुना’, ‘गोपनीयता’, ‘प्रतिकूल परिणाम’ या शब्दांचंही तेच. पत्रक दोन पानांपेक्षा मोठं झालं तर ते मोठ्याने वाचायला किती मिनिटं लागतात ते मोजा. दहा मिनिटांच्या पुढे ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं.

इथे गटाने सुचवलेला प्रत्येक बदल एका तक्त्यात टिपायचा: काय सुचवलं, काय केलं, नाही केलं तर का. सुधारलेला आराखडा नैतिकता समितीकडे मंजुरीसाठी जातो, तेव्हा हा तक्ता सोबत जोडावा. मंजुरीनंतर गटाने काही सुचवलं, तर ते सुधारणा म्हणून समितीकडून मंजूर करून घेतल्याशिवाय अमलात आणता येत नाही. हेही गटाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर उशीर झाला की त्यांना वाटतं आपलं ऐकलं नाही.

पाचवी पायरी: गावातले संपर्क कार्यकर्ते

दर शंभर-दीडशे घरांमागे एक कार्यकर्ता असा अंदाज धरून सुरुवात करावी. घरं विखुरलेली असतील तर कमी घरं द्यावीत. निवड करताना शिक्षणापेक्षा दोन गोष्टी बघायच्या: ही व्यक्ती गावातल्या सगळ्या वस्त्यांत जाऊ शकते का, आणि ऐकलेलं पोटात ठेवते का. दुसरी गोष्ट गावाला नेमकी ठाऊक असते. सल्लागार गटाला विचारलं की नावं आपोआप गळतात.

प्रशिक्षण किमान तीन दिवसांचं हवं, त्यातला एक पूर्ण दिवस नकार ऐकण्याच्या सरावाचा. कार्यकर्त्यांना नकार हा स्वतःचा अपमान वाटतो, आणि मग ते ओळखीचा, नात्याचा, उपकाराचा जोर लावतात. त्यांच्याकडून जोडीजोडीने सराव करून घ्या: समोरचा ‘नाही’ म्हणतो, कार्यकर्ता ‘बरं, सांगितल्याबद्दल आभार’ म्हणून उठतो आणि विषय तिथेच थांबतो.

मोबदला डोईप्रमाणे कधीही देऊ नका. माणसामागे पैसे ठेवले की तीन गोष्टी घडतात: अपात्र माणसांची वयं बदलली जातात, शेजाऱ्यांवर दबाव येतो, आणि ‘तुझ्यामुळे तिला पैसे मिळतात’ हे गावात पसरतं. मोबदला दिवसाचा किंवा महिन्याचा ठरवून, नोंदणी किती झाली याच्याशी न जोडता द्यावा.

गावातलं माणूस मध्ये घेण्यातला मोठा धोका इथे स्पष्ट सांगायला हवा. अमेरिकेत अलाबामाच्या मेकन काउंटीत, ग्रामीण भागात, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना हा आजार होता. त्यांना ‘वाईट रक्ता’वर उपचार चाललेत असं सांगितलं गेलं आणि १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाल्यावरही तो दिला गेला नाही. माणसं इतकी वर्षं टिकली, त्यात स्थानिक परिचारिका युनिस रिव्हर्स यांच्यावरच्या विश्वासाचा, त्यांनी गाडीतून केलेल्या ने-आणीचा, मोफत जेवणाचा आणि दफनखर्चाच्या आश्वासनाचा मोठा वाटा होता. म्हणजे आज ‘समुदायाचा सहभाग’ म्हणून आपण जे करतो, त्यातलं बरंचसं तिथे होतं, आणि आतला अभ्यास मात्र फसवणुकीचा होता. स्थानिक विश्वास हे साधन आहे. ते कशासाठी वापरलं जातंय याची जबाबदारी संशोधकाची, ती कार्यकर्त्याच्या गळ्यात टाकता येत नाही.

म्हणून कामाची विभागणी ठेवा. गावातला कार्यकर्ता ओळख करून देईल, वेळ ठरवेल, सोबत येईल. संमती घेणं आणि खाजगी प्रश्न विचारणं हे बाहेरून आलेल्या प्रशिक्षित माणसाचं काम. गर्भपात, व्यसन, मानसिक आजार, घरातली मारहाण यांबद्दल कोणीही शेजारणीसमोर खरं सांगणार नाही, आणि सांगावं लागूही नये. प्रश्न विचारायची वेळ आली की कार्यकर्त्याने अंगणात जाऊन बसायचं, हा नियम लेखी असावा.

सहावी पायरी: एकेका माणसाची संमती

सभेत गावाने हात वर केले म्हणून कोणाचीही सही गृहीत धरता येत नाही. उलट, सभा मोठी झाली असेल तर नकार देणं अवघड होतं. त्यामुळे सभेतच संमतीपत्रं वाटण्याचा मोह आवरा. माहिती दिल्यावर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. घरच्यांशी बोलायचं असेल तर बोलू द्या, पण निर्णय त्या व्यक्तीचा आहे हे घरच्यांनाही नम्रपणे सांगा. अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. तो संशोधन गटाचा नको, कार्यकर्ताही नको, आणि सहभागी ज्याच्या शेतावर राबतो असाही नको. पूर्ण माहिती देताना साक्षीदार हजर हवा. नुसता शेवटी सहीला बोलावलेला चालत नाही.

माहिती कळली का हे ‘कळलं ना?’ असं विचारून कळत नाही. सगळे ‘हो’ म्हणतात. त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावायचं.

‘आजी, आम्ही काय करणार आहोत, ते आता तुम्ही मला सांगा.’

‘रक्त घेणार, तपासणार, साखर निघाली तर गोळ्या देणार.’

‘गोळ्या आम्ही नाही देणार, आजी. साखर निघाली तर कागद देऊ आणि दवाखान्यात कोणाला भेटायचं ते सांगू. तेवढंच. मग यायचं का तुम्हाला?’

‘मग उद्या सांगते.’

संमती अशीच चालायला हवी. संशोधनाला उपचार समजणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि ती पकडायला पाच प्रश्न पुरतात: हे कशासाठी आहे? तुमच्याकडून काय घेणार? तुम्हाला काय मिळेल, काय नाही? त्रास काय होऊ शकतो? मध्येच सोडायचं असेल तर काय कराल? पाचव्याचं उत्तर ‘सोडता येत नाही, सही केली ना’ असं आलं, तर सही घ्यायची नाही. पुन्हा समजावायचं.

भरपाईचे दोन भाग वेगळे ठेवा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी ही भरपाई. ती सगळ्यांना, पूर्ण, त्याच दिवशी, आणि मध्येच सोडणाऱ्यालाही त्या दिवसापुरती. वेळेबद्दल आभाराची रक्कम किंवा वस्तू वेगळी, आणि ती इतकी मोठी नको की गरजू माणूस धोका न तोलता सही करेल. किती मोठी ते सल्लागार गटाला विचारावं. त्यांचा अंदाज संशोधकांच्या अंदाजापेक्षा सहसा नेमका असतो.

सातवी पायरी: नोंदणीचे दिवस

जागा निवडताना पुढाऱ्याचं घर आणि एका गटाचं प्रार्थनास्थळ टाळा. शाळा सुट्टीत चालते. आडोसा, पाणी, शौचालय आणि बसायची सोय असावी, आणि आत काय चाललंय ते बाहेरच्या रांगेत ऐकू जाऊ नये. रिकाम्या पोटी रक्त घ्यायचं असेल तर सकाळी लवकर, आणि लगेच खायला काहीतरी. दूरच्या वस्तीला गाडी पाठवायची असेल तर गाडी दोन्ही बाजूंनी हवी. नेलं आणि परत सोडलं नाही, ही तक्रार एका दिवसात चार वस्त्यांत पोहोचते.

घरी कोणी भेटलं नाही तर तीन वेळा जायचं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, एकदा सुट्टीच्या किंवा बाजार नसलेल्या दिवशी. तिन्ही वेळा दुपारी अकराला जाऊन ‘कुलूप’ लिहिलं तर ती एकच भेट धरावी. नकार देणाऱ्याकडे मात्र पुन्हा जायचं नाही.

आठवी पायरी: अफवा

अफवा येणारच, असं धरून पहिल्या दिवसापासून अफवांची वही ठेवा: काय ऐकलं, कुठे, कधी, कोणाकडून कळलं (नाव नको, वस्ती पुरे). ४८ तासांच्या आत उत्तर जायला हवं, आणि ते त्या वस्तीला विश्वास वाटेल अशा माणसाकडून. उत्तर देताना अफवा पुन्हा मोठ्याने उच्चारू नये. सरळ खरी गोष्ट सांगावी आणि बघायला बोलवावं. अफवेत बहुधा एक खरा दाणा असतो: नळ्या कुठे जातात ते सांगितलेलं नसतं, गाडीवर परदेशी नाव असतं, एखाद्याला घेरी आलेली असते. तो दाणा शोधून दुरुस्त करा.

दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे घानाच्या होहो इथे २०१५ मध्ये दिसलं. इबोलाच्या लशीची चाचणी तिथे सुरू व्हायची होती. लशीमुळेच इबोला येईल ही भीती पसरली, विरोध संसदेपर्यंत गेला आणि चाचणी थांबवावी लागली. वैज्ञानिक तयारी झालेली होती. गावापर्यंत पोहोचलेली माहिती अपुरी होती.

सहभागी झालेल्या कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी गंभीर आजारी पडलं, अभ्यासाशी संबंध असो वा नसो, त्याच दिवशी वरिष्ठ माणसाने त्या घरी जावं. फोन पुरत नाही.

नववी पायरी: दर आठवड्याचा तक्ता

एकच पान: वस्तीनुसार किती घरं गाठली, किती पात्र, किती होकार, किती नकार आणि नकाराचं कारण. त्यात बाई-पुरुष, वयोगट, रोजगार हे तीन रकाने. शेजारी गावाची खरी आकडेवारी. पहिल्याच महिन्यात ७० टक्के बायका आणि म्हातारी माणसं दिसली, तर तुम्ही दिवसा जाताय आणि कामकरी पुरुष शेतावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

लोकांनी लोकांना आणलं की एक झुकाव येतोच: उत्साही, ओळखीची आणि बरीच धडधाकट माणसं जास्त येतात. फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावात १९४८ मध्ये सुरू झालेला हृदयरोगाचा अभ्यास रहिवाशांच्या समित्यांनी शेजाऱ्यांना बोलावून उभा केला. निवडलेल्या यादीतून ४४६९ जण आले, आकडा भरायला ७४० स्वयंसेवक घेतले, असे मिळून ५२०९ झाले. यादीतून आलेले किती आणि स्वतःहून आलेले किती, हे तिथे वेगळं नोंदलं गेलं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून प्रत्येक सहभागीपुढे तो कसा आला याचं एक अक्षर लिहा. नंतर आठवून लिहिता येत नाही, आणि ते नसेल तर विश्लेषणात झुकाव मोजायला काही उरत नाही.

हा तक्ता सल्लागार गटालाही दाखवा, नावांशिवाय. ‘त्या वस्तीतून कोणीच का येत नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच बैठकीत मिळतं.

दहावी पायरी: टिकवणं आणि परत करणं

पाठपुराव्यासाठी प्रत्येकाकडून दोन संपर्क घ्या, त्यातला एक दुसऱ्या घरातला, आणि दोघांना काय सांगायचं, काय नाही, ते सहभागीलाच विचारा. भेटीच्या आधी सात दिवस आणि मग एक दिवस आठवण द्या. हंगामी स्थलांतर असेल तर परतीचा महिना नोंदवून भेट त्याप्रमाणे सरकवायची तरतूद आराखड्यातच हवी.

वैयक्तिक तपासणीचे निकाल दोन आठवड्यांत, कागदावर, समजावून द्या. रक्तदाब १८०/१२० निघाला तर कागदाची वाट बघायची नाही. त्या दिवशी कुठे पाठवायचं, गाडी कोण देणार, तिथल्या डॉक्टरांना कोण फोन करणार, हे पहिली नोंदणी होण्याआधी लिहून ठेवलेलं असावं.

उरलेल्या रक्ताचं काय करणार हेही संमतीच्या वेळीच ठरवा. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या हवासुपाई या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराबद्दलही संशोधन झालं, ज्याची त्यांना कल्पना नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये समझोता झाला, तेव्हा संशोधन करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. संमतीपत्रात तीन वेगळे चौकोन ठेवा: फक्त या अभ्यासासाठी, याच आजाराच्या पुढच्या अभ्यासासाठी, कोणत्याही अभ्यासासाठी. प्रत्येकापुढे वेगळी खूण घ्यायची. पहिलाच चौकोन निवडणाऱ्याला अभ्यासाबाहेर ठेवायचं नाही.

निष्कर्ष छापायला पाठवण्याआधी सल्लागार गटासमोर मांडा. गावाचं नाव घालायचं का, एखाद्या वस्तीकडे बोट दाखवणारी ओळ आहे का, हे त्यांना विचारा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली कार्यपद्धती या पाच गोष्टी ते संशोधकांकडून मागतात. मागच्या संशोधकांचा अनुभव चांगला नव्हता, म्हणून त्यांना ती लिहावी लागली.

मग खुली सभा. पहिली सभा झाली त्याच जागी, त्याच वेळी, एक पानाचं साधं पत्रक आणि दोन-तीन चित्रं घेऊन. काय सापडलं, काय सापडलं नाही, आता हे कोणाकडे जाणार. दूरच्या वस्तीत तीच सभा पुन्हा घ्यायची. कार्यकर्त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच सभेत द्यावं, राहिलेली भरपाई चुकती करावी, आणि पुढचे बारा महिने चालू राहील असा एक फोन नंबर पत्रकावर ठळक छापावा.